डाव्या डोळ्याचे रंग

आमच्या सरांनी दिलेला प्रकल्प सांगायला दोन ओळींचा होता. एक गाव निवडा, त्यातला एक विषय निवडा आणि दहा फोटो आणा: पाच भडक रंगांचे, पाच अगदी हलक्या रंगांचे. मी पुण्यात फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधीच्या सत्रात मी मंडईतले फोटो भिंतीवर लावले होते. सर त्यांच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अनघा, तुझे रंग नुसते ओरडतात गं. गप्प बसलेला एखादा तरी दाखव." वर्गात सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाऊन ते सगळे फोटो पुन्हा पाहिले आणि सरांचं खरं आहे हे कळून वाईट वाटलं.

म्हणून मी झाशीला गेले. तिथे आईची मावसबहीण राहते, सुनंदामावशी. तिचे यजमान वसंतकाका यांचं 'मॅचिंग सेंटर' आहे, म्हणजे साडीच्या रंगाला जुळणारं ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल आणि दोरा विकणारं दुकान. आई म्हणाली, "रंग बघायचेत ना? मग वसंतरावांकडे जा. त्यांच्यासारखी रंगाची नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही." डिसेंबरचा पहिला आठवडा होता. गाडीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. स्टेशनबाहेर आले तेव्हा धुकं होतं, आणि मफलरनं तोंड झाकलेले काका माझ्या नावाची पाटी उलटी धरून उभे होते.

माणिक चौक

काकांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. काका महाराष्ट्रात आयुष्यात चार वेळा आलेत, तेही लग्नांना. पण घरात मराठी बोलतात. त्या मराठीत हिंदी इतकी मिसळलेली आहे की पहिल्या दिवशी मला मधूनमधून थांबायला लागायचं, आणि मधेच असा एखादा जुना शब्द यायचा की मीच त्यांच्यापुढे परकी ठरायचे. फोटोला ते तसबीर म्हणतात. ब्लाउजपीसला घरी खण म्हणतात आणि दुकानात ब्लाउजपीस. त्यांची मुलगी रेणू पंचवीस वर्षांची, बिजौलीच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. ती मला म्हणाली, "मी समजते सब, पण बोलायला गेले की अटकते. तू हसशील नको हां." मी हसले नाही. तिचं मराठी ऐकायला मला फार गोड वाटलं.

सकाळी गरम जिलबी आणि दही. हे नाश्त्याला खायचं असतं हे मला मान्य व्हायला एक दिवस लागला. दुपारी मावशीच्या हातची आमटी, चिंचगुळाची, पुण्यासारखीच. तिच्याबरोबर मात्र जाड बाटीसारखे गक्कड आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत.

दुकान माणिक चौकातल्या गल्लीत. रुंदीला जेमतेम दहा फूट, पण आत गेलं की तिन्ही भिंतींवर छतापर्यंत कापडाचे तागे. लग्नसराई असल्यानं बायकांची गर्दी. एक बाई पिशवीतून साडी काढत म्हणाली, "भैया, रानी दिखाना," आणि मला क्षणभर कळेना की झाशीत राणी दुकानात कशाला मागताहेत. रानी म्हणजे भडक गुलाबी. काकांनी मान वर न करताच हात मागे नेला आणि नेमका तो तागा खाली आला.

काकांकडे रंगांना हिंदी नावं होती आणि त्यांच्या आईनं शिकवलेली मराठी नावंही होती. अंजिरी, आमसुली, श्रीखंडी, पारवा, अबोली, गुलबक्षी. नुसती नावं ऐकतच मी तासभर बसले. निवड झाली की ते साडीचा पदर आणि तागा दोन्ही घेऊन दारात जायचे. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बहनजी, ट्यूबलाइट झूठ बोलती है. धूप में देखिए." आम्हाला हीच गोष्ट शिकायला एक सत्र लागलं होतं. मी त्यांना माझं करड्या रंगाचं कार्ड दाखवलं, जे समोर धरून कॅमेऱ्याला खरा उजेड समजावून सांगायचा असतो. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या मशीनला पण दारात न्यावं लागतं."

मला त्या दिवशी माणूस आवडला तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका जेवायला घरी गेले आणि मी दुकानात एकटी राहिले. शटर अर्धं खाली होतं. तिसऱ्या फळीवर निळ्याजांभळ्या रंगांचे वीसेक तागे होते, पण मागेपुढे, कसेही लावलेले. मला वाटलं, हे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू सरकत जाणारे लावले तर काय सुंदर दिसेल. मी सगळे खाली काढले, आकाशी ते वांगी असे ओळीनं लावले आणि फोटो काढले. फोटो फार छान आले. मग ते तागे तसेच राहू दिले. मला तर वाटलं, काकांना आवडेल. मी दुकान नीट लावून दिलं होतं ना.

काका आले आणि फळीकडे न बघताच गादीवर बसले. मी हिरमुसले. संध्याकाळी समथरहून आलेल्या एक बाई, कुसुमाजी, मुलीच्या लग्नासाठी फालसई साडी घेऊन आल्या. फालसई म्हणजे फालशाच्या फळासारखा मळकट जांभळा. त्यांची बस सुटायची होती. दारातलं ऊनही गेलं होतं. काकांनी नेहमीसारखा हात मागे नेला, तागा काढला, कापड फाडून घडी करून दिलं. बाई धावतच गेल्या.

बिजौली

तिसऱ्या दिवशी रेणूनं मला स्कूटीवर मागे बसवून तिच्या कारखान्याकडे नेलं. "तुला गप्प रंग पाहिजेत ना? इधर सब गप्पच आहे," ती म्हणाली. खरंच होतं. पत्र्याच्या शेड, धुळीनं रस्त्याच्याच रंगाची झालेली बाभळ, भिंतीला टेकवलेली सायकल, तिच्यावर वाळत घातलेला पंचा. सगळं जणू एकाच डब्यातल्या रंगात थोडं थोडं पाणी मिसळून काढलेलं. मी तीन तास फिरले आणि पहिल्यांदाच हलक्या रंगांचे असे फोटो मिळाले की ते मला स्वतःला पुन्हा बघावेसे वाटले. चहाच्या टपरीवर रेणूनं विचारलं, "बाबांचे फोटो काढले?" मी म्हटलं, भरपूर. ती म्हणाली, "डोळ्यांचे नको काढू हां." मला वाटलं, मस्करी करतेय.

समथरच्या बाई

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला कुसुमाजी परत आल्या. बरोबर शिवायला टाकलेलं ब्लाउज होतं, अर्धवट शिवलेलं, आणि ती साडी. दुकानात चारपाच बायका होत्या, मावशीही होती. कुसुमाजींनी दोन्ही काउंटरवर ठेवलं.

"भैया जी, हमने आँखें मूँद कें तुमाओ भरोसो करो तो. जो का दे दओ?"

हे काय दिलंत, असं त्या विचारत होत्या. साडी जांभळी होती. ब्लाउज निळं होतं, सरळ सरळ निळं. मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

काकांनी दोन्ही उचललं आणि दारात गेले. उन्हात एकमेकांवर ठेवलं. बघत राहिले. वळवून बघितलं. मग म्हणाले, "ठीक तो है, बहनजी."

"ठीक है?" कुसुमाजींचा आवाज चढला. "चार दिन में बिटिया को ब्याव है, और तुम मों पै झूठ बोल रए?"

इतर बायकाही पुढे झुकल्या. एकीनं तोंडावर पदर घेतला. काका अजून दारातच होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. ते माझ्याकडे वळले.

"अनघा, तू सांग गं. एकच आहे ना?"

मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. पण समोर त्या बाई होत्या, आणि काका माझ्याकडे ज्या तऱ्हेनं बघत होते ते बघून मला कळलं की ते धीर मागत नाहीयेत. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

"नाही काका," मी म्हटलं. "हे निळं आहे. साडी फालसई आहे." आणि मग मला त्या फळीवरची माझी सुंदर ओळ आठवली. "तागे मी हलवले होते. परवा दुपारी. मी लावले परत, पण दुसऱ्या जागी."

काकांनी ब्लाउज खाली ठेवलं. कुसुमाजींपुढे हात जोडले. "ग़लती हमारी है, बहनजी. आप झूठा मत समझिए. हमें सचमुच नहीं दिखा."

त्या बाईंचा राग क्षणात उतरला. त्या स्टुलावर बसल्या आणि मावशीनं आणलेलं पाणी प्यायल्या. मावशीनं फालसईचा खरा तागा काढला, उन्हात धरला, त्यांना दाखवला आणि म्हणाली, "यही ब्लाउज नाप के लिए छोड़ जाइए. मैं आज ही सिल देती हूँ. कल लड़कियाँ घर पर दे आएँगी."

गर्दी ओसरल्यावर काका गादीवर बसले. मी रडत होते.

"रडू नकोस बेटा. तुझी चूक नाही. रंग मला केव्हाच सुटले. तीन वर्षं झाली. जागा पाठ आहेत. तिसरी फळी, डावीकडून पाचवा, फालसई. तीस वर्षं तो तिथेच बसलाय."

"मला माहीत होतं," मावशी म्हणाली. "मी रोज दुकानात येऊन बसते ते काय उगाच? तुम्ही दिलेलं कापड मी पुडीत बांधताना बघत होते. परवा संध्याकाळी तेवढी डाळ दळायला गेले आणि..."

काकांनी तिच्याकडे बघितलं. बहुतेक त्यांना हे ठाऊक नव्हतं.

मोतीबिंदू. हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा घरात उच्चारला गेला, असं रेणू मला नंतर म्हणाली. काकांच्या थोरल्या भावाचं ऑपरेशन फार वर्षांपूर्वी झालं होतं, जखम चिघळली आणि तो डोळा गेला. तेव्हापासून काका डोळ्याच्या डॉक्टरच्या दारावरूनही जात नसत. आता तरी डॉक्टरकडे जायचं का, असं मावशीनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बघू." आणि स्वतःच त्या शब्दावर ओशाळून हसले.

समथर

मावशीनं ब्लाउज संध्याकाळपर्यंत शिवून दिलं, काठाला बारीक गोटसुद्धा लावला. दुसऱ्या दिवशी रेणूनं सुट्टी घेतली आणि आम्ही बसनं निघालो. चिरगाँवला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून गरम समोसे घेतले, खिडकीतून मटारची आणि नुकत्या पिवळ्या होऊ लागलेल्या मोहरीची शेतं बघत खाल्ले. आमच्याकडे डिसेंबरात जमीन इतकी हिरवी नसते. मी सारखी "बघ, बघ" म्हणत होते आणि रेणू म्हणत होती, "अगं हे तर रोजचं आहे."

समथरचा बाजार किल्ल्याच्या सावलीत भरलेला. लाखेच्या बांगड्या, कागदी फुलं, गोट्याच्या, म्हणजे चमकत्या जरीपट्टीच्या, गुंडाळ्या. कुसुमाजींचं घर विचारत विचारत सापडलं, कारण लग्नाचं घर लांबूनच दिसत होतं. नव्यानं चुना मारलेल्या भिंतीवर गेरूनं मोर आणि हत्ती काढलेले. अंगणात हळद चालू होती. पिवळ्या, लाल, हिरव्या पदरांच्या बायका गात होत्या आणि मधे हळदीनं माखलेली नवरी थंडीनं कुडकुडत हसत होती. इथे रंग ओरडत होते, आणि मला ते ओरडणं तेव्हा मनापासून आवडलं. घराला आनंद झालेला असताना रंगांनी काय म्हणून हळू बोलायचं? मी शंभरेक फोटो काढले. सर बघतील तेव्हा बघतील.

कुसुमाजींनी ब्लाउज घेतलं आणि सगळ्यांत आधी उन्हात नेलं. साडीवर ठेवलं. मग दोन्ही हातांनी रेणूचा चेहरा धरला. "जो है फालसई," त्या म्हणाल्या, म्हणजे हा खरा फालसई. जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. भात, कढी, कढीत मुरलेले उडदाचे बरे, म्हणजे वडे, आणि भातावर चक्क पिठीसाखर आणि तूप. मी आधी घाबरत घाबरत खाल्लं, नंतर मागून घेतलं.

निघताना त्या म्हणाल्या, "भैया जी सें कइयो, आँख बनवा लें. हमाई सास ने पर कें साल बनवाई. अब खुद सुई में डोरा डार लेत हैं." आँख बनवणं म्हणजे डोळ्याचं ऑपरेशन, सासूबाईंचं ते गेल्या वर्षी झालं होतं. त्यांनी ओसरीवर बसलेल्या सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्या खरंच झेंडूच्या माळा ओवत होत्या.

घरी आल्यावर काकांनी आधी ब्लाउजचं विचारलं. मग म्हणाले, "आणि बाई काय म्हणाल्या?" रेणूनं निरोप सांगितला.

"सासूचं वय काय?"

"सत्तरच्या वर असेल, बाबा."

"हूं," काका म्हणाले आणि आत गेले.

सकाळी मी उठले तेव्हा ते इस्त्रीचा कुर्ता घालून बसले होते. "चल अनघा, डॉक्टरकडे. रेणूला ऑफिस आहे, तुझी मावशी तिथे रडेल. तू मशीनची माणूस आहेस, तुला त्यांचं बोलणं समजेल."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाल्या, इतका पिकेपर्यंत थांबायला नको होतं, पण अजून वेळ गेलेली नाही. आधी उजवा, महिन्याभरानं डावा. काकांनी भावाची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, घाई केली नाही, आणि मग आता काय वेगळं असतं ते एकेक करून समजावलं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "समजलं तुला?" मी म्हटलं, समजलं. "मग ठीक."

पट्टी

ऑपरेशन तीन दिवसांनी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला आम्ही चौघं गेलो. मावशीनं निळी शाल पांघरली होती आणि ती तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. नर्सनं पट्टी सोडली. काकांनी डोळा किलकिला केला, उघडला, समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"ही भिंत पांढरी आहे?"

"हो, बाबा."

"इतकी?"

मग ते खिडकीकडे वळले. धुकं विरलं होतं आणि आकाश स्वच्छ होतं.  नंतर काकांनी मावशीकडे बघितलं, आणि शालीचं टोक हातात धरलं. "ही मी पारवा समजत होतो."

मावशीला रडू फुटलं आणि डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. काकांनी मात्र तेवढ्यात एक शोध लावला होता. त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला, मग डावा. पुन्हा उजवा. "अरे," ते म्हणाले. "इधर चहा सांडलाय सगळ्यावर. आणि इधर धुतलेलं आहे."

त्या क्षणी मला माझा प्रकल्प सापडला. महिन्याभरानं डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन होणार होतं. तोपर्यंत, फक्त तेवढेच दिवस, या माणसाकडे दोन्ही रंग होते.

माझ्या परतीला दोन दिवस उरले होते. डॉक्टरांनी स्क्रीनपुढे फार बसू नका म्हटलं होतं, म्हणून आम्ही माझ्या लॅपटॉपपुढे दहा-दहा मिनिटंच बसायचो. मी पाच फोटो निवडले: समथरचं अंगण, तिसरी फळी, चिरगाँवचा मटार, दुकानाच्या दारातलं ऊन आणि निळ्या शालीतली मावशी. काका आधी डाव्या डोळ्यानं मूळ फोटो बघायचे, मग उजव्यानं त्याची प्रत, आणि ती तशीच दिसेपर्यंत मला सांगायचे. "पिवळा घाल. अजून. निळा काढ. अजून काढ, अगं घाबरू नकोस. काठ जरा विरघळव. बस. थांब. असं." ज्या नजरेनं त्यांनी चाळीस वर्षं पदराला खण जुळवला त्याच नजरेनं ते आता स्वतःचा आजारी डोळा पडद्यावर जुळवत होते. एवढी बारीक नजर मी अजून कुणाकडे पाहिलेली नाही, आमच्या सरांचीही नाही. समथरची हळद त्यांच्या डाव्या डोळ्यात विझल्या निखाऱ्यासारखी दिसायची, मऊ, आणि खरं सांगते, फार देखणी.

पुण्यात मी दहा फोटो जोडीजोडीनं लावले. पाच उजव्या डोळ्याचे, पाच डाव्या. सर बराच वेळ उभे होते. "हे हलके तू केलेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हात माझा होता. नजर काकांची." ते हसले नाहीत. गुण चांगले मिळाले, तेही एकदाचं सांगून टाकते.

जानेवारीच्या मध्याला काकांचा दुसरा डोळाही झाला. मी छापलेले फोटो झाशीला पाठवले, आणि ते पोचले त्या दिवशी दुपारी दुकानातून व्हिडिओ कॉल आला. मावशीच्या हातात तिचाच फोटो होता, काकांच्या डाव्या डोळ्याला दिसायची तसा.

"म्हणजे तीन वर्षं मी तुम्हाला अशी दिसत होते?" ती काकांना विचारत होती. "चहात बुडवलेली? आणि बोलला नाहीत?"

"तू बोललीस का? पुड्या तपासत बसायचीस."

दोघंही हसायला लागले. मग काकांनी तिच्याकडून फोटो घेतला, दारात गेले, उन्हात धरला. 

"अनघा, ह्या तसबिरीत शालीचा निळा किती काढला होतास गं? मला आता काहीच आठवत नाही. मी डोळे मिटून पण बघितलं. तो रंग येतच नाही."

"जवळजवळ सगळा काढला होता, काका."

"सगळा," ते म्हणाले. "आणि तरी ती मला गर्दीत सापडायची." मग कुणी बाई पिशवीतून साडी काढत आत आली, आणि त्यांनी फोन मावशीच्या हातात दिला.